गोळा पडला की मुलांना घरी पाठवायची घाई नको

पत्र

मी मूळची बीड जिल्ह्यातली. गेली चार वर्षं पूंछ जिल्ह्यात, नियंत्रण रेषेपासून सात-आठ किलोमीटरवर, पुण्यातल्या एका संस्थेच्या शाळेत मुख्याध्यापिका आहे. बालवाडी ते आठवी, 212 मुलं, 11 शिक्षक. इमारत दोन मजली आहे. खालचा मजला सिमेंटचा, वरचा पत्र्याचा. मागे साठ पावलांवर 800 चौरस फुटांचा सरकारी सामूहिक बंकर आहे, तो चाळीस माणसांसाठी बांधलेला. मे 2025 मधल्या तोफांच्या माऱ्यानंतर पालकांच्या मनातली धास्ती गेलेली नाही. मध्यंतरी दुपारी कुठेतरी सुरुंगाचा आवाज झाला. रस्त्याचं काम चाललं होतं, पण पंधरा मिनिटांत फाटकावर शंभर पालक जमले. मिळेल ते मूल उचलून लोक पळाले, एक मुलगी दुसऱ्याच गावात पोचली आणि संध्याकाळी सापडली. संस्थेचे लोक म्हणतात, तणाव दिसला की शाळा बंद करा. पालक म्हणतात, उघडी ठेवा. कधी बंद करायची, मुलं बसवायची कुठे आणि बंद काळात अभ्यासाचं काय, हे कुणीच नीट सांगत नाही. तुम्ही सांगाल का?

— एक मुख्याध्यापिका, जि. पूंछ

उत्तर

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात काळजीची गोष्ट त्या फाटकावरच्या पंधरा मिनिटांची आहे. बंकरचा प्रश्न त्यानंतर येतो. मारा सुरू असताना मूल रस्त्यावर असणं हा सगळ्यात मोठा धोका, आणि आपली शाळा आणि आपले पालक मिळून नेमकं तेच घडवून आणतात. म्हणून पहिला नियम हा करा आणि तो मोडू देऊ नका: मारा सुरू झाला की एकही मूल घरी पाठवायचं नाही, आणि पालकांनी न्यायला यायचं नाही. मुलं शाळेतच आडोशाला राहतील. मारा थांबला, रस्ता मोकळा असल्याचं कळलं, की एकेक मूल सही घेऊन सोपवायचं.

हे पालकांना पटवणं सोपं नाही, कारण आईबापाच्या पायांना त्या वेळी घरच दिसतं. त्यांना सरळ सांगा की गोळ्याला घर आणि शाळा यातला फरक कळत नाही. 7 मे 2025 ला पूंछमध्ये एका शाळेच्या मागे गोळा पडला. शाळा त्या दिवशी बंद होती. त्या शाळेची दोन मुलं आपल्या घरात असताना गेली, आणि त्याच काळात शाळेच्या तळघरातल्या सभागृहात कर्मचारी आणि आसपासचे लोक आसऱ्याला बसले होते. हे कुणाला दोष देण्यासाठी सांगायचं नाही, आणि ज्यांचं मूल गेलं त्यांच्या गावातल्या बैठकीत तर हा विषय काढूच नका. इतरत्र मात्र पालकांना एवढं कळायला हवं की आडोसा महत्त्वाचा, मग तो घरचा असो की शाळेचा.

सोपवण्याची पद्धत. प्रत्येक मुलामागे तीन माणसांची नावं लिहून घ्या: आई किंवा वडील, एक जवळचा नातेवाईक आणि त्याच मोहल्ल्यातला एक शेजारी. या तिघांपैकीच कुणाच्या हाती मूल जाईल. यादीच्या दोन प्रती ठेवा, एक फाटकाजवळच्या शिक्षकाकडे आणि एक बंकरमध्ये. कार्यालयाच्या कपाटात ठेवलेली यादी ऐनवेळी कुणाला मिळत नाही. दप्तराच्या आत शिवलेल्या कापडी खिशात प्रत्येकाचं एक कार्ड असावं: नाव, वडिलांचं नाव, गाव आणि मोहल्ला, रक्तगट, दोन फोन नंबर, कुठलं औषध चालत नाही ते. धर्म, जात, बिरादरी त्यावर नको. कार्ड गळ्यात अडकवू नका. लहान मुलं दोरीशी खेळतात, आणि अनोळखी माणसाला मुलाचं नाव गाव आयतं वाचायला मिळतं.

फाटकावर एकच दार उघडा. मूल आतच राहील, पालक बाहेर रांगेत. एक शिक्षक यादीतलं नाव वाचेल, दुसरा आतून मूल आणेल, तिसरा सही किंवा अंगठा घेऊन वेळ लिहील. शंभर मुलं सोपवायला पाऊण ते एक तास लागतो, हे पालकांना आधीच सांगून ठेवा. गर्दी बिघडते ती बहुतेक वेळा "माझं काम पटकन करा" म्हणणाऱ्या ओळखीच्या माणसापासून. सरपंच आले तरी रांग मोडायची नाही. एकदा मोडली की सगळ्यांची मोडते. शांत दिवशी, पालकांना बोलावून, वर्षातून दोनदा याचाही सराव घ्या. बंकरमध्ये धावण्याचा सराव सगळे करतात, मुलं परत सोपवण्याचा सहसा कुणी करत नाही, आणि तुमच्याकडे बिघडलं ते तिथेच.

शाळा कधी बंद करायची. हा निर्णय सकाळी घाबरलेल्या माणसाने घ्यायचा नसतो. आत्ताच, शांत असताना, कागदावर तीन प्रकारचे दिवस ठरवा: साधा दिवस, अर्धी शाळा, बंद शाळा. यापेक्षा जास्त पायऱ्या केल्या तर कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

बंद शाळा म्हणजे: जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश आला आहे, किंवा गेल्या 24 तासांत तुमच्या पट्ट्यात मारा झाला आहे, किंवा एखाद्या गावाचा रस्ता बंद आहे, किंवा सहापेक्षा कमी मोठी माणसं शाळेत पोचू शकतात. यातलं एक जरी लागू झालं तरी शाळा बंद. आदेश आला असेल तर त्यावर चर्चा नाही. संस्थेचं, पालकांचं किंवा तुमचं मत त्या दिवशी चालत नाही.

अर्धी शाळा म्हणजे: आदेश नाही, पण गेल्या 48 तासांत जिल्ह्यात कुठेतरी मारा झाला आहे, किंवा रात्री ब्लॅकआउट पाळला गेला आहे, म्हणजे सगळे दिवे बंद ठेवले आहेत, किंवा पोलीस चौकीने सावध राहायला सांगितलं आहे.

निर्णय सकाळी सहाला, पहिली गाडी निघायच्या आधी. घेणारी माणसं दोनच: तुम्ही आणि तुम्ही नसताना तुमची ठरवलेली सहकारी. पुण्याच्या संस्थेने हा अधिकार तुम्हाला लेखी द्यावा. सातशे मैलांहून जास्त अंतरावर बसून टीव्ही पाहणाऱ्या माणसाला तुमच्या खोऱ्यातली सकाळ दिसत नाही, आणि तिथून आलेला प्रत्येक "बंद करा" फोन तुमचा पालकांपुढचा शब्द हलका करतो.

निरोपाचा नियमही लिहून ठेवा: सकाळी साडेसहापर्यंत निरोप आला नाही, तर शाळा नाही. मोबाईल बंद पडला, नेट गेलं, शिक्षकाचा फोन लागला नाही, यातल्या कुठल्याही कारणाने निरोप अडला तर मूल घरीच राहिलं पाहिजे. उलटा नियम, म्हणजे "निरोप नसेल तर नेहमीप्रमाणे या", नेमका वाईट दिवशी मुलांना रस्त्यावर आणतो. नेट जाणं तिकडे नवीन नाही. ऑगस्ट 2019 नंतर तिथे 4जी परत यायला फेब्रुवारी 2021 उजाडला होता. म्हणून व्हॉट्सअॅप गट हा एकच आधार नको. प्रत्येक गावात एक ठरलेलं दुकान पाहा, तिथे पाटी लागेल. मशीद आणि गुरुद्वाऱ्याच्या समितीशी बोलून ठेवा, गरज पडली तर भोंग्यावरून दोन वाक्यं सांगितली जातील. वाक्यंही आधी लिहून द्या, म्हणजे सांगणाऱ्याच्या पदरची भर पडत नाही.

अर्धी शाळा कशी भरवायची. तुमचा बंकरचा प्रश्न इथेच सुटतो. 212 मुलं 800 चौरस फुटांत बसवली तर एकेकाला पावणेचार चौरस फूट येतात. म्हणजे गुडघे छातीशी घेऊन, एकमेकांच्या अंगावर. हवेचं गणित आणखी वाईट. बसलेलं मूल तासाला साधारण 12 ते 15 लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतं. दारं-झरोके बंद असलेल्या एवढ्या बंकरमध्ये दोनशे मुलं बसली तर तासाभरात डोकी जड होतात, लहानांना मळमळतं, आणि एकाने उलटी केली की पाठोपाठ दहा करतात. त्यामुळे तणावाच्या दिवशी सगळी शाळा बोलवायचीच नाही. 106 मुलं सकाळी साडेआठ ते साडेअकरा, 106 दुपारी साडेबारा ते साडेतीन. आता प्रत्येकाला साडेसात चौरस फूट येतात आणि त्या वेळी आलेली सगळी मुलं एका बंकरमध्ये मावतात.

गट इयत्तेनुसार पाडू नका. तसे पाडले तर धाकटा सकाळी येतो, ताई दुपारी, आणि घरातल्या आईला दिवसभर दोघांची वाट पाहावी लागते. गट गावानुसार आणि गाडीनुसार पाडा. सख्खी-चुलत भावंडं एकत्र येतात आणि गाड्यांच्या फेऱ्याही वाढत नाहीत. मिश्र इयत्ता एका वेळी सांभाळणं शिक्षकांना अवघड जाईल, पण त्या दिवशी शिकवायचं असतं ते वाचन, लेखन, गणिताचा सराव. नवीन धडा नको.

त्या दिवशी वरचा पत्र्याचा मजला कुलूपबंद. बालवाडी ते दुसरीचे वर्ग सकाळपासून बंकरमध्येच भरवा. साठ पावलं तुमच्या-माझ्यासाठी अर्धा मिनिट, पण चार वर्षांच्या मुलाचा बूट निघाला की दोन मिनिटं होतात. ज्यांना धावता येत नाही त्यांनी धावायची वेळच येऊ नये. बंकर त्यासाठी राहण्याजोगा करावा लागेल. फरशीवर जाड प्लास्टिक आणि त्यावर सतरंजी, चार चार्जिंगचे दिवे, शौचासाठी झाकणाच्या दोन बादल्या आणि चुना, एका कोपऱ्यात पडदा. झरोक्यांच्या जाळीत पानं आणि कोळिष्टकं अडकून हवा बंद होते, ती दर पंधरा दिवसांनी साफ करा. पावसाळ्यात पाणी साठतं. दाराशी सहा इंच उंबरठा आणि बाहेर चर काढून ते बरंच अडतं. आणि किल्ली! बंकरला कुलूप असेल तर किल्ली एका माणसाकडे ठेवू नका. त्या दिवसांत दार दिवसभर उघडं असावं.

मोठ्या मुलांना दोन टप्पे शिकवा. बहुतेक वेळा पहिला गोळा पडल्यावरच कळतं, आधी इशारा मिळत नाही. त्या क्षणी कुणीही पळायचं नाही. जागेवर खाली: खिडकीपासून दूर, आतल्या भिंतीला लागून, पोटावर आडवं, हात मानेवर, तोंड किंचित उघडं. उखळी तोफेचा गोळा जमिनीवर फुटला की त्याचे तुकडे तिरके वर आणि बाजूला उडतात. आडव्या माणसाला लागण्याची शक्यता उभ्या माणसापेक्षा खूपच कमी. मग शांतता पडली आणि शिक्षकाने हाक दिली तरच, एकेक वर्ग, बंकरकडे. मारा थांबतच नसेल तर खालच्या मजल्यावरच राहायचं. मोकळ्या मैदानातून साठ पावलं जाण्यापेक्षा दोन भिंतींच्या आत थांबणं बरं. बाहेर आणि मूल यांच्यात दोन भिंती हव्यात, हा साधा हिशोब शिक्षकांना सांगून ठेवा. एक भिंत स्फोटाचा मार खाते, दुसरी तुकडे अडवते. थेट डोक्यावर गोळा पडला तर शाळेचा स्लॅब वाचवणार नाही. पण बहुतेक माणसं जखमी होतात ती बाजूला पडलेल्या गोळ्याच्या तुकड्यांनी आणि काचांनी, आणि त्यापासून वाचवणं आपल्या हातात आहे.

काचांवर कागदी पट्ट्यांची फुली मारण्याची जुनी पद्धत आहे. तिचा फारसा उपयोग नाही, कधी कधी मोठे आणि जड तुकडे उडतात. पूर्ण काचेला आतून चिकटवायची निदान 100 मायक्रॉनची पारदर्शक फिल्म मिळते, ती लावा. पैसे पुरत नसतील तर खालच्या मजल्याच्या फक्त त्या खोल्या निवडा जिथे मुलं बसणार, आणि तिथल्या काचा काढून 4 मिलिमीटरची पॉलिकार्बोनेट शीट बसवा. थंडीत वाराही अडतो, उजेडही येतो. बाकं खिडकीच्या रांगेपासून दोन मीटर आत सरकवा.

दारासमोर वाळूच्या पोत्यांची भिंत हवी. दारापासून एक मीटर सोडून, अडीच मीटर लांब, दीड मीटर उंच, अर्धा मीटर जाड. वीस किलोची पोती धरली तर साधारण 150 लागतात, म्हणजे तीन टन माती. ती जमिनीवरच उभी करा, ओट्यावर किंवा वरच्या मजल्यावर कधीच नाही. पोतं दोन तृतीयांश भरा. गच्च भरलेलं पोतं गोल होतं आणि घसरतं. विटांसारखा सांधा तोडत रचा, बांधलेलं तोंड आतल्या बाजूला ठेवा, भिंत किंचित आत कललेली असू द्या. सिमेंटची प्लास्टिकची पोती उन्हाने चार-सहा महिन्यांत विरतात आणि एका पावसात सगळी माती खाली येते. वरून ताडपत्री किंवा शेणामातीचा लेप दिलात तर वर्षभर टिकतात. लेप तुमच्याकडच्या बायकांना आपल्यापेक्षा चांगला जमतो, त्यांनाच सांगा.

इशाऱ्याचा आवाज घंटेचा नको आणि भोंग्याचाही नको. नागरी संरक्षणाचा वरखाली होणारा भोंगा म्हणजे धोका आणि एका सुरातला लांब भोंगा म्हणजे सुटका. शाळेचा आवाज त्याच्याशी मिसळला की गोंधळ होतो. शिट्टी वापरा: तीन लांब म्हणजे जागेवर खाली. मधल्या सुटीची जुनी कर्कश इलेक्ट्रिक बेल काढून टाका. तिच्या दचक्याने मुलं आजही रडत असतील.

साठा. शाळेत पिण्याला आणि हात धुवायला दर मुलामागे दिवसाला 3 लिटर पाणी धरतात. 212 मुलांना 636 लिटर, म्हणजे 1,000 लिटरची एक झाकणबंद टाकी पुरते, दर आठवड्याला पाणी बदललंत तर. बंकरमध्ये वीस लिटरचे सहा कॅन वेगळे. खायला चणे आणि गूळ: मुलामागे 50 ग्रॅम चणे, 20 ग्रॅम गूळ. सगळ्या शाळेचं एक वेळचं साडेदहा किलो चणे आणि सव्वाचार किलो गूळ होतात. बिस्किटांपेक्षा जास्त टिकतात, पोटाला आधार देतात. दोन मुलांत एक घोंगडी.

प्रथमोपचाराच्या नेहमीच्या डब्यात आयोडीन आणि कापूस असतो, तो खरचटल्यासाठी. इथे गरज आहे रक्त थांबवण्याची. चार टूर्निके, म्हणजे हात-पाय आवळून रक्त थांबवायचे पट्टे, वीस जाड दाबपट्ट्या, दोन बोथट टोकाच्या कात्र्या, हातमोजे. निदान सहा जणांना प्रत्यक्ष हाताने शिकवून घ्या. जखमेवर आधी दोन्ही हातांनी जोर देऊन दाबायचं. हात-पायातून रक्त उसळत असेल, दाबून थांबत नसेल, तर जखमेच्या वर चार बोटांवर, सांधा सोडून टूर्निके आवळायचं, रक्त थांबेपर्यंत. खूप दुखतं, मूल ओरडतं, आणि शिक्षक दया येऊन सैल करतात. तिथेच मूल हातचं जातं. आवळल्यावर वेळ कपाळावर किंवा पट्टीवर पेनने लिहायची आणि डॉक्टरशिवाय कुणी सोडायचं नाही. सुतळी, तार कधीच नाही, ती मांस कापते. काहीच नसेल तर दीड-दोन इंच रुंदीची कापडी पट्टी आणि एक काठी. 108 आणि 112 हे नंबर प्रत्येक खोलीत भिंतीवर असू द्या.

बंद दिवसांचा अभ्यास. ऑनलाइन वर्गावर विसंबू नका. घरात एक फोन, तोही वडिलांकडे, आणि नेट जाणार हे धरूनच चाला. दोन आठवड्यांचं छापील पाकीट आत्ताच तयार करून बंद लिफाफ्यात ठेवा: मुलामागे आठवड्याला दहा कागद, पाठपोट. 212 मुलांचे दोन आठवड्यांचे 4,240 कागद होतात, म्हणजे नऊ रिम. पाठपोट छपाईची 8,480 पानं, आणि साध्या लेझर प्रिंटरचं एक काडतूस दोनेक हजार पानं देतं, तेव्हा पाच काडतुसं हाताशी हवीत. पाठ्यपुस्तकाची पानं झेरॉक्स करून भरू नका, ती मुलाकडे आहेतच. पाकीट असं हवं की घरात शिकलेलं कुणी नसलं तरी मूल एकटं सोडवू शकेल. सूचना एका ओळीच्या, पहिलं उदाहरण सोडवून दाखवलेलं. घरात पहाडी किंवा गोजरी बोलली जाते, पुस्तक दुसऱ्या भाषेत असतं. आजीला विचारून लिहायचं, म्हणजे शेतातली कामं, पिकं, कहाण्या, असं रोज एक पान ठेवा. बंकरमध्ये आजीही बसलेली असते.

बंदी लांबली तर गावात बंकरच्या शेजारच्या घरात दहा-बारा मुलांचा वर्ग भरवता येतो, रोज दोन तास. बारावी झालेली मुलगी गावागावात सापडते, तिला मानधन द्या. कोविडच्या वर्षात काश्मीरमध्ये वस्त्यांवर उघड्यावर वर्ग भरले होते, त्यामुळे लोकांना कल्पना नवी नाही. फक्त इथे उघड्यावर बसवायचं नाही. गुरं-मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या गुज्जर-बकरवाल लोकांच्या मुलांसाठी उन्हाळ्यात डोंगरावर भरणाऱ्या हंगामी शाळांचे शिक्षक तुमच्या भागात नक्की असतील. शाळा पाठीवर घेऊन फिरण्याचं काम त्यांना वर्षानुवर्षं ठाऊक आहे. त्यांच्याकडे एक दिवस बसा.

काही कुटुंबं जम्मूला किंवा नातेवाइकांकडे निघून जातील. ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांच्या मुलांना आपल्याकडे शिक्षण हमी कार्ड देतात, ते तुम्ही बीडमध्ये पाहिलं असेल. तसंच एक कार्ड करा: इयत्ता, यूडायस प्लस या सरकारी शाळा-नोंदणीवरचा विद्यार्थी क्रमांक, प्रत्येक विषयात कुठपर्यंत आलं, तुमचा फोन. मुलाच्या हाती ते असलं की नवीन शाळेला पहिल्या दिवशी कळतं की याला कुठे बसवायचं. शिक्षण हक्क कायदा जम्मू-काश्मीरला 31 ऑक्टोबर 2019 पासून लागू आहे, आणि दाखला मिळायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश अडवता येत नाही. पालकांना हे एका वाक्यात कार्डाच्या मागे छापून द्या.

बुडालेल्या तासांचा हिशोबही त्याच कायद्याने करा. पहिली ते पाचवी वर्षाला 200 दिवस आणि 800 तास, सहावी ते आठवी 220 दिवस आणि 1,000 तास. लहानांचे पंधरा दिवस बुडाले तर साठ तास भरून काढायचे. रोज चाळीस मिनिटं वाढवली तर नव्वद दिवसांत होतात. सुट्ट्या कापून, रविवारी बोलावून भरपाई करू नका. मुलं आणि शिक्षक दोघेही आधीच थकलेले असतात, आणि पोरं यायचीच बंद होतात.

पुन्हा उघडताना. आधी मैदान. न फुटलेला गोळा गवतात किंवा ओहोळात पडलेला असतो आणि चकाकणाऱ्या वस्तूला मूल हात लावतंच. पावसाने आणि दरडीने जमिनीत पेरलेले सुरुंगही जागा बदलतात. शोधाशोध शिक्षकांनी करायची नाही. पोलीस किंवा लष्कराच्या बॉम्बशोधक पथकाकडून मैदान आणि येण्याच्या वाटा तपासून, शक्यतो लेखी घेतल्याशिवाय फाटक उघडू नका. मुलांना एवढंच शिकवा: हात लावू नको, दगड मारू नको, आलास त्याच पावलांनी मागे जा, मोठ्या माणसाला सांग. दर सोमवारी प्रार्थनेनंतर म्हणून घ्या, पाढ्यांसारखं.

पडझड झाली असेल तर दुरुस्तीआधी तारखेसह फोटो आणि तहसीलदारांकडून पंचनामा. इमारतीच्या नेहमीच्या आगविम्यात आणि गाडीच्या विम्यात युद्धामुळे झालेलं नुकसान धरत नाहीत, हे संस्थेला आज सांगा, म्हणजे तीन महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम ते वेगळी ठेवतील. थोडी रोकड शाळेतही असू द्या. नेट गेलं की एटीएमही जातं. गोळा कुठे पडला याचे फोटो किंवा व्हिडिओ मात्र कुणी समाजमाध्यमांवर टाकायचे नाहीत. पलीकडच्या तोफेला नेम सुधारायला तेवढी माहिती पुरते. लष्कराची मदत जरूर घ्या, पण जवानांच्या गाड्या आणि शस्त्रं शाळेच्या आवारात उभी राहू नयेत अशी विनंती अधिकाऱ्यांना आधीच करून ठेवा. ते समजून घेतात.

पहिला आठवडा परीक्षा नाही, गृहपाठ तपासणी नाही, गैरहजेरीबद्दल एक शब्द नाही. रोजचा क्रम मात्र तोच ठेवा: तीच प्रार्थना, तीच जागा, तीच डबा खायची वेळ. चित्रं काढू द्या, पण "काय पाहिलंस ते काढ" असं सांगू नका. कुणी आपणहून बोललं तर ऐका, मध्येच समजूत घालू नका. अंथरूण ओलं होणं, दरवाजा आपटला की टेबलाखाली जाणं, एकदम गप्प होणं हे पहिल्या काही आठवड्यांत बहुतेकांना होतं आणि हळूहळू कमी होतं. महिना उलटूनही कमी होत नसेल, मूल खात-झोपत नसेल, तर 14416 वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा. तो शिक्षकांसाठीही आहे. तुमचे अकरा जणही त्याच रात्री जागलेले असतात.

जनरल रजिस्टरचे, म्हणजे मुलांच्या प्रवेशाच्या नोंदवहीचे, मोबाईलवर फोटो काढून एक प्रत पेन ड्राइव्हवर पुण्याला पाठवा, आजच. आणि पटावरून एकही नाव कमी करू नका. जी मुलं निघून गेली त्यांच्या नावापुढे पेन्सिलीने, ती सध्या जिथे आहेत त्या गावाचं नाव लिहा.